हेन्री व्हॅनडाइक कार्टर

हेन्री व्हॅनडाइक कार्टर (२२ मे, इ.स. १८३१, हल, इंग्लंड – ४ मे, इ.स. १८९७, स्कारबरो, इंग्लंड) हे इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ, वैद्यकीय चित्रकार आणि परजीवी रोगांचे संशोधक होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे त्यांनी काढली. इ.स. १८५८ ते १८८८ या काळात ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत होते. मुंबई व सातारा येथे त्यांनी दुधाळ लघवी, मदुरा पाय, कुष्ठरोग आणि पुनरावर्ती ज्वर या रोगांचा अभ्यास केला. कृमी व इतर परजीवींना शरीर कसा प्रतिसाद देते, याचे ज्ञान पुढे विकसित झाले. त्यापूर्वीच्या पायाभूत निरीक्षणांत कार्टर यांच्या कामाची गणना होते.

जन्म आणि शिक्षण

कार्टर यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातील चित्रकार होते. बंधू जोसेफ न्यूइंग्टन कार्टर हेही चित्रकार झाले. हेन्री यांचे बालपण स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी गेले. त्यांनी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि त्यानंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स येथे मानवी व तौलनिक शरीररचनेचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाचा वापर आणि अचूक रेखाटन या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढील संशोधनात उपयोगी पडल्या.

‘ग्रेज ॲनाटॉमी’

सेंट जॉर्जेस रुग्णालयातील शल्यचिकित्सक हेन्री ग्रे यांनी शरीररचनेवरील पाठ्यपुस्तकाची योजना आखली. ग्रंथासाठी आवश्यक असलेली शवविच्छेदने ग्रे आणि कार्टर यांनी मिळून केली. मजकूर ग्रे यांनी लिहिला, तर चित्रे कार्टर यांनी काढली. इ.स. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रे होती. अवयवांची नावे थेट चित्रातील भागांवर छापण्याच्या पद्धतीमुळे हा ग्रंथ विद्यार्थ्यांना विशेष सोयीचा ठरला.

या कामाबद्दल कार्टर यांना १५० पौंडांचे एकरकमी मानधन मिळाले. विक्रीवरील स्वामित्वधन मात्र ग्रे यांनाच मिळत असे. ग्रंथाच्या मुखपृष्ठाच्या मुद्रितात कार्टर यांच्या नावाचा टंक लहान करण्याची सूचनाही ग्रे यांनी केली होती. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच कार्टर भारतात आले होते. इ.स. १८६१ मध्ये ग्रे यांचे देवीच्या रोगाने निधन झाले.

मुंबई आणि सातारा

इ.स. १८५८ मध्ये कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. जमशेटजी जिजीभॉय रुग्णालयातही ते काम पाहत. इ.स. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. तेथील तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. कोल्हापूर संस्थानाच्या उत्तरेस असलेल्या या जिल्ह्यात त्यांना ग्रामीण भागातील रोगांचा दीर्घकाळ अभ्यास करता आला.

याच काळात मुंबईत काम केलेले हेन्री जॉन कार्टर (इ.स. १८१३–१८९५) हे वेगळे संशोधक होत. त्यांनी मुंबईच्या तळ्यांतील सूक्ष्म कृमी आणि नारू यांचा अभ्यास केला. नामसाधर्म्यामुळे या दोघांच्या कार्याची अनेकदा गल्लत केली जाते.

दुधाळ लघवी आणि लसीकावाहिन्या

काही रुग्णांची लघवी दुधासारखी पांढरी होते. हा विकार मूत्रपिंडाचा असावा, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. मुंबईतील रुग्णांच्या त्वचेतून, विशेषतः वृषणकोशावरून, पाझरणारा द्रव आणि त्यांची दुधाळ लघवी यांचे परस्परसाम्य कार्टर यांच्या लक्षात आले. दोन्हींचा उगम लसीकावाहिन्यांत असून फुगलेल्या वाहिन्यांतून लसीका बाहेर झिरपते, असा निष्कर्ष त्यांनी इ.स. १८६० च्या दशकाच्या आरंभी मांडला.

या विकारामागील कृमी तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. इ.स. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये ओटो वुखरर यांना दुधाळ लघवीत कृमीची पिल्ले आढळली. इ.स. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांनी ती मानवी रक्तात दाखवली. इ.स. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना प्रौढ कृमी सापडला आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या शरीरात या पिल्लांची वाढ होत असल्याचे दाखवले. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांतच राहतात, हे सिद्ध झाल्यावर कार्टर यांनी सांगितलेले रोगाचे स्थान बरोबर असल्याचे स्पष्ट झाले.

शरीराचा प्रतिसाद

लसीकावाहिन्या व लसीकाग्रंथी हा प्रतिकारसंस्थेचाच भाग आहे. हत्तीपाय रोगाचा कृमी या संस्थेच्या आतच वर्षानुवर्षे जगतो. जिवाणूंना पांढऱ्या पेशी गिळून नष्ट करू शकतात. कृमी मात्र एका पेशीच्या तुलनेत फार मोठा असतो. म्हणून त्याच्याविरुद्ध शरीर वेगळा मार्ग अवलंबते. साहाय्यक टी-पेशी विशिष्ट रासायनिक संदेश सोडतात, ‘ई’ प्रकारची प्रतिपिंडे वाढतात आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची संख्या वाढते. प्रतिपिंडांनी वेढलेल्या अळीला चिकटून या पेशी आपल्या कणांतील विषारी प्रथिने तिच्यावर सोडतात.

दीर्घकाळ टिकणारे कृमी ही प्रतिक्रिया मंदावतात. त्यामुळे रक्तात असंख्य पिल्ले असूनही अनेकांना कोणताही त्रास जाणवत नाही. याउलट, तीव्र प्रतिक्रिया देणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात पिल्ले सापडत नाहीत, पण त्यांच्या लसीकावाहिन्यांना सूज व इजा होते. मरणाऱ्या कृमींमुळे उद्भवणारा दाह आणि नंतर होणारा जिवाणूसंसर्ग यांमुळे पाय कायमचा सुजतो. या रोगातील हानी केवळ कृमीमुळे होत नाही. तिच्यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादाचाही मोठा वाटा असतो. कार्टर यांच्या काळात ही माहिती उपलब्ध नव्हती. इओसिनोफिल पेशींचे वर्णन पॉल एर्लिख यांनी इ.स. १८७९ मध्ये केले.

अन्य संशोधन

पायाला गाठी व छिद्रे पडून त्यांतून दाणे बाहेर येणाऱ्या ‘मदुरा पाय’ या रोगाला कार्टर यांनी ‘मायसेटोमा’ हे नाव दिले आणि तो बुरशीमुळे होतो, असे प्रतिपादन केले. इ.स. १८७४ मध्ये या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कुष्ठरोग व हत्तीपाय यांवरील त्यांचा ग्रंथही प्रकाशित झाला. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी त्यांनी नॉर्वेचा प्रवास केला होता.

इ.स. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खनमधून मुंबईत आलेल्या भुकेल्या लोकांमध्ये तापाची साथ पसरली. गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचे प्रमुख असलेल्या कार्टर यांना इ.स. १८७७ मध्ये या रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. ताप असताना दिसणारे हे जिवाणू ताप उतरताना नाहीसे होत आणि पुढच्या झटक्यात पुन्हा आढळत. प्रतिपिंडे जिवाणूंचा नाश करतात, पण पृष्ठभागावरील प्रथिने बदललेले काही जिवाणू वाचून पुन्हा वाढतात, असे त्याचे स्पष्टीकरण नंतरच्या काळात मिळाले. या संशोधनावरील ग्रंथ इ.स. १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे स्ट्युअर्ट पारितोषिक मिळाले.

अखेरची वर्षे आणि वारसा

कार्टर इ.स. १८८८ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. इ.स. १८९० मध्ये त्यांची राणी व्हिक्टोरियाचे मानद वैद्य म्हणून नियुक्ती झाली. इ.स. १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

पुनरावर्ती ज्वराच्या एका जिवाणूला ‘बोरेलिया कार्टेरी’ असे नाव देण्यात आले. ज्या ग्रंथामुळे त्यांची चित्रे जगभर पोहोचली, तो मात्र केवळ ग्रे यांच्याच नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांत हत्तीपाय रोगाच्या निर्मूलनासाठी सामुदायिक औषधोपचार मोहिमा राबवल्या जातात. औषधांनी रक्तातील पिल्ले नष्ट होतात. मात्र एकदा खराब झालेल्या लसीकावाहिन्या पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे सूज येण्यापूर्वीच उपचार करण्यावर या मोहिमांचा भर असतो.