बसच्या पाटीवरचे तात्या सरवटे

नानाखेडा स्टँडवर इंदूरची बस लागली की कंडक्टर सरवट्याच्या नावाने हाका मारतो आणि आम्हीही सरवट्याचेच तिकीट मागतो. हे सरवटे कोण, असे आमच्या मुलाने एकदा बसमध्ये विचारले. आम्हाला धड दोन वाक्येही सांगता आली नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

विनायक सीताराम सरवटे, अर्थात तात्या सरवटे, यांचा जन्म १८८४ सालचा. तेव्हा इंदूरवर होळकरांचे राज्य होते आणि आपल्या उज्जैनवर शिंद्यांचे. दोन्ही दरबार मराठी. माळव्यात स्थायिक झालेली आपली बहुतेक घरे याच दरबारांच्या चाकरीवर उभी राहिली. कुणी कारकून, कुणी कमाविसदार, कुणी मास्तर. ब्रिटिश मुलखात समोर परका इंग्रज असे. इथे समोर आपलाच राजा आणि पगार देणारा हातही त्याचाच! अशा ठिकाणी राज्यकारभारात प्रजेला हक्क हवा म्हणायचे, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्याच कपाळाला आठ्या पडायच्या. आम्ही स्वतः सरकारी पगारावर जगतो, त्यामुळे याचे वजन आम्हाला जरा जास्त कळते. तात्यांनी मात्र तीच वाट धरली.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले आणि होळकरांचे इंदूर व शिंद्यांचे उज्जैन एका राज्यात आले. घटना समितीवर मध्य भारताचे सात सदस्य होते, त्यांत तात्या एक. पुढे ते राज्यसभेतही गेले.

राजकारणापेक्षाही आम्हाला अप्रूप वाटते ते त्यांच्या ‘मराठी साहित्य समालोचन’ या ग्रंथाचे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्या मराठीला हसतात, हा आपल्या सर्वांचाच अनुभव. पण १८१८ पासूनच्या मराठी वाङ्मयाचा एवढा मोठा आढावा घेतला तो आपल्या इंदूरच्या माणसाने, हे त्या पाहुण्यांना जरूर सांगावे.

१९६६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. दोनच वर्षांनी त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांना पद्मश्री. १९७२ मध्ये तात्या गेले. शालिनीताईंनी लहान मुलांसाठी उभा केलेला बालनिकेतन संघ इंदूरमध्ये आहे. पुढच्या खेपेला सरवट्यावर उतरलो की मुलाला तिथे घेऊन जायचे आम्ही ठरवले आहे.