कळसावरचा ध्वज : संत बहिणाबाई

देवालयाचे काम कळसाशी आले म्हणजे साऱ्या गावाला धन्यता वाटते. कोणी जांभा चिरा दिला, कोणी लाकूड दिले, कोणी मुंबईहून वर्गणी पाठविली, कोणी नुसते अंगमेहनतीने राबले. कळस चढला की या सर्वांचे हात एका ठिकाणी येऊन मिळतात. वारकरी पंथाला अशाच देवालयाचे रूपक देणारा एक अभंग महाराष्ट्रात घरोघरी प्रसिद्ध आहे. पाया ज्ञानदेवांचा, आवार नामदेवांचे, खांब एकनाथांचा आणि कळस तुकोबांचा, अशी त्यातील मांडणी. कोकणातल्या सप्ताहातही टाळमृदंगाच्या साथीने तो मोठ्या प्रेमाने म्हटला जातो. परंतु हा अभंग एका स्त्रीचा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अभंगाच्या शेवटी तिने आपले नाव घातले असून कळसावर फडकणाऱ्या ध्वजाची जागा स्वतःकडे घेतली आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र पाया आणि कळस तेवढे राहिले व ध्वज विसरला गेला. ती स्त्री म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, त्या वेगळ्या. संत बहिणाबाई त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीच्या, शिवकालातल्या.

बहिणाबाईंचा जन्म इ. स. १६२८ च्या सुमारास वेरूळजवळच्या देवगाव येथे झाला. हा भाग आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतो. वडील आऊजी हे गावचे कुलकर्णी, आई जानकी. त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहानपणी त्यांचे लग्न झाले. नवरदेव शिऊरच्या पाठक घराण्यातले, वेदविद्येत निपुण, परंतु बिजवर आणि वयाने तिशीचे. मुलगी बाहुल्या खेळण्याच्या वयाची. हे सारे बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत स्वतःच सांगून ठेवले आहे. मराठीत एखाद्या स्त्रीने आपले चरित्र आपणच सांगितल्याची इतकी जुनी उदाहरणे फारशी नाहीत.

पुढे वडिलांच्या मागे भाऊबंदकी लागली. वतनाचे तंटे काय असतात हे कोणत्याही गावाला सांगावयास नको. ते टोकाला गेले, तेव्हा आईवडील, जावई आणि नऊ-दहा वर्षांची बहिणा अशी सगळी मंडळी रातोरात गाव सोडून निघाली. वाटेत भिक्षा मागून पोट भरावे, देवळात नाही तर धर्मशाळेत निजावे, असे दिवस काढीत ती पंढरपुरास पोचली. तेथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर आणि शेवटी कोल्हापूर. पंढरीच्या वास्तव्यात त्या मुलीच्या मनात विठ्ठल कायमचा बसला.

मालवण-कणकवलीकडची मंडळी घाट चढून अंबाबाईच्या दर्शनाला ज्या करवीर नगरीत जातात, तेथेच बहिणाबाईंच्या आयुष्याला वळण लागले. बहिरंभट नावाच्या वैदिक ब्राह्मणाच्या ओसरीवर या कुटुंबाला आसरा मिळाला. त्यांना दानात मिळालेली एक कपिला गाय वासरासह त्यांनी पाठकांना दिली. त्या वासराला बहिणेचा विलक्षण लळा लागला. ती पाण्याला गेली की ते मागे, ती कीर्तनाला निघाली की ते पुढे. त्या वेळी कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने चालू होती. एके दिवशी गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकलले. ते हंबरू लागले आणि इकडे बहिणा रडू लागली. स्वामींना हे कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि त्या दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

ही गोष्ट गावभर झाली. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला लोक साध्वी म्हणू लागले, आणि तेच तिच्या पतीला सोसवले नाही. आपण वेदपाठी ब्राह्मण आणि बायकोच्या नावाने लोक दाराशी येतात, हा त्यांना अपमान वाटला. त्यांनी तिला बेदम मारले व बांधून टाकले. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले. काही दिवसांत बहिणेच्या मांडीवर मान टाकून वासराने प्राण सोडला. त्यानंतर ती काही दिवस निचेष्ट पडून होती. त्या अवस्थेत तुकाराम महाराजांनी आपल्याला दर्शन दिले व मंत्रोपदेश केला, असे ती सांगते. तो दिवस कार्तिक वद्य पंचमी, रविवार. महाराजांना तिने तोवर प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते. त्यांचे अभंग तेवढे कानी पडले होते.

यानंतर घरातला विरोध आणखी वाढला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू करावे, हे पतीला मुळीच रुचले नाही. गरोदर पत्नीला टाकून अरण्यात निघून जाण्याचा त्यांनी निश्चय केला. परंतु जाण्याआधीच ते अंथरुणाला खिळले. ज्या हातांना त्यांनी बांधले होते, त्याच हातांनी महिनाभर त्यांची शुश्रूषा केली. आजारात त्यांचे मन पालटले आणि पुढे ते स्वतःच पत्नीला घेऊन देहूस आले.

देहूला तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले, त्यांची कीर्तने रोज ऐकावयास मिळाली. तेथेच कन्या काशीबाईचा जन्म झाला. परंतु सुख निर्भेळ नव्हते. तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजी गोसाव्याला या ब्राह्मण कुटुंबाची तुकोबांवरची निष्ठा खटकली. त्याने त्यांची गाय कोंडून ठेवून तिला मारले, आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाईंनी वर्णिले आहे. तुकोबांच्या निर्याणानंतर काही काळाने हे कुटुंब शिऊरला स्थायिक झाले. मुलगा विठोबा हाच पुढे त्यांच्या परमार्थाचा सोबती झाला. इ. स. १७०० मध्ये त्यांनी शिऊर येथेच देह ठेवला. अंतकाळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी बाहेरगावी असलेल्या मुलाला बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत त्याला सांगितली. ती निर्याणाच्या अभंगांत ग्रथित आहे. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे.

बहिणाबाईंच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे त्यांचे अभंग कोठून आले हे उमगते. जनाबाईंच्या अभंगांत जसे जाते, दळण आणि शेणगोवऱ्या येतात, तसे बहिणाबाईंच्या अभंगांत त्यांचे घर येते. स्त्रीदेहाविषयीची त्यांची खंत त्यातलीच. वेद ऐकण्याची बंदी, मंत्राची बंदी, देह दुसऱ्याच्या सत्तेखाली. मग आपण परमार्थ साधावा कसा, असा रोकडा प्रश्न त्या करतात. ज्या घरात नवरा सकाळसंध्याकाळ वेद म्हणतो आणि बायकोने ते कानी घालू नयेत, त्या घरातूनच हा प्रश्न उठला. तो पोथीतून आलेला नाही.

पतिव्रताधर्मावरही त्यांनी पुष्कळ अभंग रचले. पतीचा मार सोसलेल्या बाईने पतिसेवेचे गुणगान करावे, याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल. परंतु त्या अभंगांशेजारीच मारहाणीची हकीकतही त्यांनी लपविलेली नाही. संसार सोडणे शक्य नव्हते आणि विठ्ठल सोडणेही शक्य नव्हते. या दोहोंत वाट काढण्याची त्यांची सारी धडपड अभंगांत उतरली आहे. मुक्ताबाई अविवाहित होत्या, जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. नवरा, मुले, आईबाप असा भरला संसार करीत संतपदाला पोचण्याची बहिणाबाईंची वाट निराळी व बिकट होती.

तिसरी गोष्ट ब्राह्मण्याविषयीची. जन्माने ब्राह्मण असूनही त्यांनी वज्रसूचीचा विषय मराठी अभंगांत मांडला. ब्राह्मण कोणास म्हणावे, जातीला, देहाला की ज्ञानाला, याचा त्यात एकेक करून विचार आहे, आणि ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण असा निर्वाळा आहे. तुकोबांना गुरू केल्याबद्दल घरी आणि देहूत जे सोसावे लागले, त्याला दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे. शिव्या देणाऱ्यांना त्यांनी शास्त्राच्याच भाषेत उत्तर दिले.

बहिणाबाईंची गाथा विसाव्या शतकाच्या आरंभी छापली गेली. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९२९ साली निघाले, आणि परदेशातले अभ्यासकही ती वाचू लागले. मात्र महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत त्यांचा अभंग पोचला, नाव पोचले नाही.

देवळे केवळ चिऱ्या-चुन्याची नसतात. ज्यांची नावे कोणत्याही फरशीवर कोरली जात नाहीत, अशा अनेक हातांचे त्यांत देणे असते. पहाटे उठून अंगण सारविणाऱ्या, फुलांच्या वेण्या गुंफणाऱ्या, सप्ताहात शेकडो पानांचा महाप्रसाद रांधणाऱ्या बायाबापड्यांचा वाटा वर्गणीच्या यादीत दिसत नाही. बहिणाबाईंनी भक्तीच्या देवालयात पाया मागितला नाही, खांबही मागितला नाही. त्या ध्वज झाल्या. देऊळ झाडामाडांत दडलेले असले, तरी दुरून येणाऱ्या वाटसरूला आधी दिसतो तो ध्वजच, आणि त्यावरून त्याला कळते की येथे देव नांदतो आहे. येत्या सप्ताहात तो अभंग म्हणताना भजनी मंडळींनी शेवटचे चरण गाळू नये, आणि ते म्हणणाऱ्या बाईचे नाव मुलाबाळांना आवर्जून सांगावे. कळसावर ध्वज चढविताना तिची आठवण झाली, तर तीच तिची खरी पूजा होय.