गुडघ्यामागची शीर

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक जुनं कृष्णधवल छायाचित्र आहे. डोंगरातला चढ, दोन सायकलस्वार, आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणारी पाण्याची बाटली. एक फाउस्तो कोप्पी, दुसरा जिनो बार्ताली. साल 1952, टूर द फ्रान्समधला गॅलिबिए घाट. बाटली नेमकी कोणी कोणाला दिली यावरून इटलीत घराघरांत वाद झाले. ते दोघंही शेवटपर्यंत सांगत राहिले, दिली ती मीच.

हल्ली दर जुलैत मी ही शर्यत टीव्हीवर बघतो. स्वार आजचे अधिक वेगवान आहेत, पण त्यांचे चेहरे मला लक्षात राहत नाहीत. डोळ्यांवर काळा गॉगल, कानात व्यवस्थापकाचा आवाज, हँडलवर पायांतली ताकद वॅटमध्ये मोजून दाखवणारं यंत्र. डोक्यावर हेल्मेट असतं, त्याबद्दल मात्र कुरकुर करणार नाही. एका स्वाराचा जीव गेल्यावर 2003 मध्ये ते सक्तीचं झालं. लहानपणी मुंबई–पुणे सायकल शर्यत बघायला वडील मला बोरघाटात घेऊन गेले होते. कोण जिंकलं ते आठवत नाही. चढावर तोंड वासून, डोळे बारीक करून पायडल मारणारा एक सावळा माणूस मात्र अजून दिसतो. पुढे कोप्पीविषयी वाचू लागलो, तो बहुधा त्या माणसामुळेच.

कोप्पीचा जन्म 15 सप्टेंबर 1919 चा, इटलीतल्या पिडमाँट प्रांतातल्या कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यातला. घर शेतकऱ्याचं. पोरवयातच तो नोव्ही लिगुरे गावी खाटकाच्या दुकानात लागला आणि सायकलवरून घरोघरी मांस पोचवू लागला. तिथे त्याला काव्हान्ना नावाचा मालिशवाला भेटला. हा गृहस्थ आंधळा. पोराच्या मांड्या-पोटऱ्या हातांनी चाचपून त्याने ओळखलं, की हे पाणी वेगळं आहे.

1940 च्या जिरो दि इटालिया शर्यतीत वीस वर्षांच्या कोप्पीला संघात घेतलं होतं ते बार्तालीच्या मदतीसाठी. बार्ताली पडला, मागे राहिला, आणि हा पोरगा जिंकला. शर्यत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी इटली युद्धात उतरली. 1943 मध्ये ट्युनिशियात कोप्पी इंग्रजांच्या कैदेत सापडला. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. 1946 मध्ये मिलान–सान रेमो शर्यत त्याने चौदा मिनिटांच्या फरकाने जिंकली, तेव्हा ती वर्षं जणू व्याजासकट वसूल केली. (इतकी वर्षं बँकेत घालवल्यावर दुसरी उपमा कुठून सुचणार?)

त्या काळी इटलीचे दोन तट पडले होते. बार्ताली धर्मनिष्ठ, तोंडाळ, सतत कुरकुरणारा. कोप्पी अबोल आणि संकोची. चालताना तो बगळ्यासारखा अवघडलेला दिसे; लांब पाय, पुढे आलेली छाती, काचेसारखी ठिसूळ हाडं. सायकलवर बसला की तेच शरीर देखणं होई. चेहऱ्यावरून तो काही कळू देत नसे, म्हणून बार्तालीने त्याच्या पायांचा अभ्यास केला. कोप्पी दमला की त्याच्या उजव्या गुडघ्यामागची एक शीर फुगते, हे त्याने हेरलं. मग एका साथीदाराला त्या शिरेवर नजर ठेवायला लावलं. ती फुगली की इशारा, आणि इशारा मिळताच हल्ला! आज हे काम यंत्र करील, पण यंत्राला हेवा वाटत नाही. 1948 च्या जागतिक स्पर्धेत तर दोघं एकमेकांवर पहारा ठेवण्यात इतके गुंगले, की शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. त्यांच्याच देशाच्या महासंघाने दोघांना निलंबित केलं.

10 जून 1949 रोजी जिरोत कुनेओहून पिनेरोलोला जायचं होतं. वाटेत आल्प्सचे पाच घाट. कोप्पी पहिल्याच घाटात निसटला आणि 192 किलोमीटर एकटा चालवत राहिला. दुसरा आला बार्ताली, जवळजवळ बारा मिनिटांनी. त्याच वर्षी कोप्पीने टूरही जिंकली. एका वर्षात या दोन्ही शर्यती त्याच्याआधी कोणी जिंकल्या नव्हत्या.

सेर्से हा त्याचा धाकटा भाऊ, तोही सायकलपटू. 29 जून 1951 रोजी तुरीनमध्ये सेर्सेचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं. तो पडला, उठला, शर्यत पुरी करून हॉटेलवर गेला आणि त्याच दिवशी वारला. आठवडाही उलटला नव्हता, तोच कोप्पी टूरमध्ये उतरला. माँपेलिएच्या वाटेवर उन्हात तो असा कोसळला, की अर्ध्या तासाहून अधिक वेळ गमावला. साथीदार त्याला सांभाळत, जवळजवळ ओढत घेऊन आले. रस्त्याकडेच्या लोकांना तो का कोसळला हे सांगावं लागलं नाही.

भाबडेपणा नको, म्हणून हेही सांगतो: कोप्पी उत्तेजक गोळ्या घेई. तेव्हा त्यांवर बंदी नव्हती आणि त्याने ते कधी दडवलंही नाही.

मात्र उघडेपणाची खरी किंमत त्याने घरात मोजली. 1953 मध्ये तो लुगानोला जगज्जेता झाला, तेव्हाच्या छायाचित्रात त्याच्या शेजारी जुलिया ओक्किनी दिसते. तो विवाहित, एका मुलीचा बाप. ती एका डॉक्टरची पत्नी, आणि तो डॉक्टर कोप्पीचा चाहता! तिच्या पांढऱ्या कोटामुळे वर्तमानपत्रांनी तिला श्वेतवस्त्रा करून टाकलं. इटलीत तेव्हा घटस्फोट नव्हता, तो कायदा आला 1970 मध्ये. व्यभिचार हा गुन्हा होता. पोलीस रात्री घरी आले, जुलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले, 1955 मध्ये खटला उभा राहिला. दोघांना शिक्षा झाली, ती स्थगित राहिली. त्यांचा मुलगा जन्मला तो दूर ब्वेनोस आयरेसला. या साऱ्यात कोप्पीची पत्नी ब्रूना आणि लहानग्या मारिनावर काय गुदरलं असेल, ते मला सतावतं. पण ज्यांनी घाटात त्याचा घाम पाहून डोळे पुसले, तेच लोक आता त्याच्या खिडकीतून आत डोकावत होते. गॉगलमागे लपणाऱ्या आजच्या पोरांवर मी रागावतो, तेव्हा ही खिडकी आठवते आणि जरा गप्प बसतो.

डिसेंबर 1959 मध्ये कोप्पी पश्चिम आफ्रिकेत अप्पर व्होल्टाला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला गेला. थोडी शर्यत, थोडी शिकार. सोबत फ्रेंच सायकलपटू जेमिनियानी. परतल्यावर दोघंही तापाने फणफणले. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हिवताप ओळखला आणि जेमिनियानी वाचला. इटलीतल्या डॉक्टरांना तो ओळखता आला नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या डॉक्टरने थंडी वाजते म्हणताच क्विनाइन दिलं असतं. ज्याच्या पायातली एक शीर साऱ्या इटलीला वाचता येत होती, त्याचा ताप कोणाला वाचता आला नाही. 2 जानेवारी 1960 रोजी तोर्तोनाच्या इस्पितळात तो गेला. वय चाळीस. कास्तेल्लानियात सेर्सेच्या शेजारीच त्याला विसावा मिळाला.

1960 च्या हंगामासाठी कोप्पीने सान पेल्लेग्रिनो संघाकडून धावायचं कबूल केलं होतं. त्या संघाचा व्यवस्थापक होता जिनो बार्ताली.