मुळांवरच्या गाठींतील जिवाणू वेगळा करणारे बायेरिंक

नवी दिल्ली : तूर, हरभरा वा सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीपूर्वी जिवाणू संवर्धक चोळण्याची पद्धत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. त्यातील रायझोबियम गटाचा जिवाणू मुळांवरच्या गाठींतून प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला तो डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी, १८८८ मध्ये.

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वाखेनिंगेन येथील कृषी विद्यालयात अध्यापन केल्यानंतर १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क कारखान्यात रुजू झाले. गाठींवरील त्यांचे मोठे काम या कारखान्याच्या प्रयोगशाळेतच झाले, हे विशेष. १८८९ मध्ये दुग्धशर्करेचे विघटन करणाऱ्या लॅक्टेज या विकराचे वर्णनही त्यांनी येथूनच प्रसिद्ध केले.

द्विदल पिके हवेतील नत्र वापरतात, हे जर्मनीतील हेल्रिगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये दाखवले होते. कारण गाठींत दडले होते. बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू जिलेटिनच्या माध्यमावर वाढवला आणि पुढे तोच बाकल्याच्या निर्जंतुक रोपांना देऊन गाठी निर्माण करून दाखवल्या. मात्र वनस्पतीबाहेर वाढवलेला हा जिवाणू नत्र स्थिर करतो, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. इतक्या काटेकोर संशोधकाच्या हातून हे निसटावे, याचे कारण त्यांच्या कौशल्यात नव्हे, तर विकराच्या स्वभावात होते.

नत्र स्थिर करणारा नायट्रोजिनेज हा विकर ऑक्सिजनच्या संपर्कात निकामी होतो. गाठीतील लालसर लेगहिमोग्लोबिन मुक्त ऑक्सिजनचे प्रमाण अत्यल्प राखते. प्रयोगशाळेतील उघड्या बशीत ते संरक्षण नसते.

१८९५ मध्ये बायेरिंक डेल्फ्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. तंबाखूच्या केवडा रोगावरील त्यांच्या १८९८ च्या निबंधाने विषाणूशास्त्राचा पाया घातला. गाठींनी दिलेली हुलकावणी त्यांनी १९०१ मध्ये मातीतून भरून काढली. नत्ररहित द्रावणात चिमूटभर माती टाकून, उपाशी राहूनही तगणारा जिवाणू निवडण्याची त्यांची युक्ती साधी होती. त्यातून अ‍ॅझोटोबॅक्टर हाती आला. हा जिवाणू अतिवेगाने श्वसन करून पेशीतील ऑक्सिजन संपवतो, त्यामुळे उघड्या हवेतही त्याचा विकर टिकतो.

अविवाहित आणि स्वभावाने कठोर असलेले बायेरिंक १९२१ मध्ये निवृत्त झाले व १ जानेवारी १९३१ रोजी खोर्सेल येथे निधन पावले. पेशींबाहेर काढलेल्या अर्कात नायट्रोजिनेजचे कार्य खात्रीशीरपणे दाखवता आले ते १९६० मध्ये. आणि ऑक्सिजन अत्यल्प ठेवल्यास काही रायझोबियम वनस्पतीविनाही नत्र स्थिर करतात, हे १९७५ मध्ये.