त्याने स्वतःच्याच हृदयात नळी घातली, म्हणून आज कित्येक लहान मुलांची छाती उघडावी लागत नाही

गोष्ट आहे १९२९ सालची. जर्मनीतल्या एबर्सवाल्डच्या हॉस्पिटलमध्ये वर्नर फोर्समन नावाचा पंचविशीतला डॉक्टर नुकताच लागला होता. हाताच्या शिरेतून नळी सरकवत थेट हृदयापर्यंत नेता येईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वरिष्ठांनी साफ नकार दिला.

पण गडी ऐकणारा नव्हता. अवजारं गेर्डा डिट्झेन या नर्सच्या ताब्यात होती. त्याने तिला असं पटवलं की, प्रयोग आपल्यावरच करा म्हणून ती तयार झाली. याने तिला टेबलाला बांधलं आणि तिला कळायच्या आत स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेत नळी घातली. नळी कसली, तर मूत्रमार्गासाठी वापरतात ती! मग तिला सोडवलं आणि दोघं जिना उतरून एक्स-रे खोलीत गेले. तिथे आरशात बघत त्याने नळी पुढे नेली. फोटोत टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसलं.

बक्षीस काय मिळालं? बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधली नोकरी गेली. शेवटी तो मूत्ररोगाकडे वळला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षात गेला, युद्धात लष्करी डॉक्टर होता, हेही सांगायलाच हवं.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्याची कल्पना उचलून रीतसर तपासणी उभी केली. नळीने प्रत्येक कप्प्यातला दाब आणि रक्तातला ऑक्सिजन मोजता येऊ लागला. उजव्या बाजूला ऑक्सिजन अचानक वाढलेला दिसला, की पडद्याला भोक असल्याचा संशय. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांसाठी हे फार मोठं होतं. १९५६ मध्ये तिघांना नोबेल मिळालं, तेव्हा फोर्समन बाड क्रॉयझ्नाखमध्ये मूत्ररोगाचा डॉक्टर होता.

१९६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंडने त्याच्याही पुढची मजल मारली. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेली असते. ऑक्सिजनवालं रक्त शरीराला मिळतच नाही, बाळ निळं पडतं. रॅशकिंडने जांघेतल्या शिरेतून नळी वरच्या डाव्या कप्प्यात नेली, टोकाचा फुगा फुगवला आणि झटक्यात मागे ओढला. मधला पडदा फाटला, दोन्हीकडचं रक्त मिसळलं. बाळाला ऑपरेशनपर्यंत वेळ मिळाला.

फोर्समन १ जून १९७९ ला गेला.