बल्बच्या जागी पंखा लावताय? मग शिलाई मशीनच्या मोटारीतून पंखा बनवणाऱ्या फिलिप डील यांची गोष्ट वाचाच

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीपार. शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात छताला मधोमध एकच पॉइंट असेल, तर बल्ब काढून तिथे पंखा लावायचा विचार हमखास येतो.

दिवा आणि पंखा या दोन्हींत डोकं घालणारा एक माणूस होऊन गेला. फिलिप डील.

जन्म 1847 चा, जर्मनीतला. 1868 साली तो न्यूयॉर्कला आला. मशीन शॉपमध्ये कामं केली, मग सिंगर कंपनीत लागला. हो, तीच शिलाई मशीनवाली सिंगर. पुढे तो शिकागोला गेला आणि 1871 च्या भीषण आगीत होतं नव्हतं ते गमावून बसला. 1875 मध्ये न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी सिंगरच्या कारखान्यात प्रयोगांचं काम त्याच्याकडे आलं.

त्या काळी एडिसनच्या बल्बची हवा होती. त्या बल्बमध्ये तारा काचेतून आत जायच्या. डीलने 1882 साली काचेतून तार न नेता पेटणारा दिवा बनवला. तो महाग पडायचा, त्यामुळे बाजारात टिकला नाही.

पण मोटारीने त्याला तारलं. छताचे पंखे त्याआधीही होते, मात्र ते पट्ट्यावर फिरायचे. वाफेच्या किंवा पाण्याच्या जोरावर एकच पट्टा अनेक पंखे ओढायचा. डीलने शिलाई मशीनसाठी बनवलेली विजेची मोटार घेतली, तिला पाती जोडली आणि छताला टांगली. 1880 च्या दशकातली ही गोष्ट. आता प्रत्येक पंख्याला स्वतःची मोटार मिळाली. पुढे त्याने पंख्यालाच दिवा जोडला. एकाच जागेवर उजेडही आणि वाराही!

1913 मध्ये डील गेला. त्याचा दिवा आज कुणाला आठवत नाही, पंखा मात्र घरोघरी फिरतोय.

आता मुद्द्याचं. बल्बचा होल्डर फक्त बल्बचं वजन पेलतो. पंखा काही किलोंचा असतो, वर तो फिरतो आणि हादरे देतो. म्हणून तो होल्डरच्या स्क्रूवर किंवा पीओपीवर कधीच टांगू नये. स्लॅबमध्ये किंवा तुळईत पक्का बसवलेला हुकच हवा. पाती जमिनीपासून किमान आठ फूट उंच राहिली पाहिजेत. बल्बच्या बटणावर पंखा फिरेल, पण वेग कमी-जास्त करायला रेग्युलेटर लागेल. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार आहे का, तेही बघून घ्या.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडून टेस्टरने तपासायचं. आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं. पंखा डोक्यावर फिरणार आहे, तिथे दोन पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.