नगरपालिकेतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांची १८४८ सालची मुलींची शाळा आम्ही शिक्षक वर्गात नेहमी सांगतो. त्यांची नगरपालिकेतील कामगिरी मात्र राहून जाते. १८६८ साली त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली गव्हर्नर-जनरलच्या स्वागताला १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे जोतीरावांचे मत. ३२ सभासदांत विरोध त्यांचा एकट्याचाच. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारी पाहुण्याचाच खर्च नाकारावा! नव्या मंडईच्या भारी खर्चालाही त्यांनी विरोध केला होता. १८८६ साली ती उघडली, गव्हर्नर रे यांच्या नावाने. पुढे तिला नाव मिळाले, महात्मा फुले मंडई.